थीम पार्कमध्ये नुसती राइडची बटणं दाबायची नोकरी असते, की त्यात करिअरही होतं?

तुम्ही विचारलंय की पदवी हातात येतेय, थीम पार्कमध्ये काम करायची मनापासून इच्छा आहे, पण घरचे म्हणतात, ‘तिथं जाऊन बटणंच दाबणार ना?’ मी सुरुवात बटण दाबण्यापासूनच केली. काही हंगाम रोलर कोस्टरच्या फलाटावर काढले आणि आता नव्या ऑपरेटरना शिकवतो. म्हणून आधी त्या बटणाविषयीच बोलतो.

कोस्टरचा रूळ ब्लॉकमध्ये विभागलेला असतो. एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी असते, आणि पुढचा ब्लॉक मोकळा झाल्याशिवाय यंत्रणा मागची गाडी पुढे सोडत नाही. इमर्जन्सी स्टॉप दाबला की गाडी जागच्या जागी थांबते, असं जवळपास प्रत्येक नवख्याला वाटतं. तसं नसतं. उतारावर लागलेली गाडी स्वतःच्या वेगानं धावत असते आणि ब्रेक ठरावीक ठिकाणीच असतात, त्यामुळे ती पुढच्या ब्रेकपर्यंत जाणारच. एकदा टोपी उडाली म्हणून एक गृहस्थ कुंपण ओलांडून थेट रुळाखाली गेले. गाडी अजून तिला चढावावर ओढून नेणाऱ्या साखळीवर होती, म्हणून तिथंच रोखता आली. तिनं माथा ओलांडला असता, तर बटण हाताशी असूनही मला काहीच करता आलं नसतं. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो, नजर पॅनलला चिकटवू नका, माणसं कुठं जातायत ते बघा.

फलाटावर दुसरा शिकायचा विषय म्हणजे वेळ. २४ आसनांची गाडी भरून दर ६० सेकंदांनी सुटली तर तासाला १,४४० जण बसतात. तीच ९० सेकंदांनी सुटली तर ९६०. मधले ४८० जण रांगेत उभेच राहतात. हे अर्धे मिनिट कुठं जातं? खांद्यावरच्या पिशव्यांत, चुकीच्या ओळीत शिरलेल्या कुटुंबांत, रिकाम्या राहिलेल्या एकेका जागेत. ते वाचवायचं, पण प्रत्येक लॅप बार, म्हणजे बसलेल्याला जागेवर धरून ठेवणारा मांडीवरचा दांडा, हातानं ओढून तपासायचा, त्यात एका सेकंदाचीही काटकसर करायची नाही. हे ज्याला जमतं त्याच्याकडे पुढे शिफ्ट, मग विभाग, मग अख्ख्या पार्कचं दिवसाचं नियोजन येतं.

यांत्रिकी किंवा विद्युत शाखेचं शिक्षण असेल तर देखभाल विभागाकडे जरूर बघा. माझ्या मते या क्षेत्रातलं सगळ्यात भक्कम करिअर तिथं आहे. ही मंडळी दरवाजे उघडायच्या कितीतरी आधी रुळावर चालून पाहणी करतात, रिकाम्या गाड्या फिरवतात. हंगाम संपला की गाड्या सुट्या करून भागांमधले डोळ्यांना न दिसणारे तडे अल्ट्रासोनिक किंवा चुंबकीय कणांच्या चाचणीनं शोधतात. दुरुस्तीला उतरणारा प्रत्येक जण वीजपुरवठ्याच्या स्विचवर स्वतःचं कुलूप लावतो आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतो. शेवटचं कुलूप निघेपर्यंत ती राइड कुणालाही सुरू करता येत नाही. मला या शिस्तीबद्दल फार आदर आहे.

जलविभागातल्या जीवरक्षकांचंही तसंच. अनेक वॉटर पार्कमध्ये १०/२० चा दंडक असतो: १० सेकंदांत आपल्या हद्दीवरून नजर फिरवायची, संकट दिसलं की २० सेकंदांत तिथं पोहोचायचं. बुडणारा माणूस बहुतेकदा ओरडत नाही, म्हणून नजरच सगळं काम करते.

तिकीट, दुकानं, खानपान, मार्केटिंग या नोकऱ्या इतरत्र असतात तशाच. मत्स्यालय, प्राणिसंग्रहालय किंवा विज्ञान केंद्रात मात्र समजावून सांगण्याची हातोटी असलेल्यांना चांगला वाव आहे.

राइड डिझाइन करायचं स्वप्न असेल तर जागा थोड्या आहेत हे धरून चाला. त्यासाठी स्वतःची एक कला पक्की हवी. डिस्नेलँड १९५५ मध्ये उघडलं. त्याच्या आखणीसाठी वॉल्ट डिस्ने यांनी १९५२ मध्ये जी कंपनी काढली, तिच्यात पुढे नावारूपाला आलेले मार्क डेव्हिस मुळात ॲनिमेटर होते. ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ राइडमधले कितीतरी प्रसंग त्यांच्या रेखाटनांतून आले. तेव्हा वास्तुकला, ध्वनी, शिल्प, प्रोग्रॅमिंग, जे येतं त्याचाच पोर्टफोलिओ करा. तरीही एक हंगाम फलाटावर काढा. रांगेत उभा माणूस कुठं कंटाळतो, हे टेबलाशी बसून कळत नाही.

त्रासही आहे. इतरांची सुट्टी तो तुमचा सगळ्यात गर्दीचा दिवस. पाय भरून येतात, आणि पहिली कंत्राटं बहुधा हंगामी असतात.

मुलाखतीत दोन प्रश्न तुम्हीही विचारा. हंगामी लोकांपैकी किती जणांना पुढे कायम केलं? आणि शंका आली तर राइड थांबवायचा अधिकार ऑपरेटरला आहे का? एका ठिकाणी मी राइड थांबवली म्हणून मला सगळ्यांसमोर बोलणी खावी लागली होती. तो हंगाम संपवून मी तिथून बाहेर पडलो.