रिकॉल 'पूर्ण' झाला, हँडल मात्र अजून थरथरतंय

तुमचा प्रश्न दोनदा वाचला आणि फोटोही मोठा करून बघितला. नंतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही टेक्ससमध्ये एक जुना हेवी-ड्यूटी पिकअप घेतलाय, मागे कॅम्पर जोडून उन्हाळ्यात फिरायचा बेत आहे. गाडीच्या चॅसिस नंबरवर (व्हीआयएन) स्टिअरिंगचा रिकॉल, म्हणजे दोष निघाला म्हणून गाड्या परत बोलावून कंपनीने फुकट करून द्यायची दुरुस्ती, 'पूर्ण' दिसतो. तरीही ताशी ५५-६० मैलांना पुलाच्या सांध्यावरून गेलं की हँडल थरथरायला लागतं. डीलर म्हणतो रिकॉल संपला, आता तपासणीचे पैसे भरा. कंपनीचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही. मीही विचारत नाही, उत्तरात त्याने फारसा फरक पडत नाही.

रिकॉल गाडीचा असतो असं आपण धरून चालतो. तो एका दोषाचा असतो. त्या कागदावर एका ठरावीक भागाचं नाव असतं, ठरावीक दुरुस्ती असते आणि ती करायला मेकॅनिकला कंपनीने मोजून दिलेला वेळ असतो. तेवढं काम झालं की तुमचा सतरा अक्षरांचा नंबर कॉम्प्युटरमध्ये बंद. शेजारच्याच जोडात करंगळीएवढा प्ले (सैलपणा) असला तरी तो बघायचे पैसे कंपनी देत नाही, म्हणून बहुतेक वेळा बघितला जात नाही. म्हणजे डीलर तुमच्याशी खोटं बोलतोय असं मला वाटत नाही. तुम्ही विचारताय 'गाडी नीट आहे का', तो सांगतोय 'कागद बंद आहे'.

खाली काय काय लटकलंय ते माहीत असलं तर डीलरशी बोलणं सोपं जातं. रॅम २५००-३५०० किंवा फोर्डचे सुपर ड्यूटी यांच्यातल्या फोर-व्हील ड्राइव्ह ट्रकांची पुढची दोन चाकं एकाच सलग अॅक्सलवर असतात, बैलगाडीच्या आसासारखी. (जीएमच्या, म्हणजे जनरल मोटर्सच्या, हेवी-ड्यूटी ट्रकला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असतं, त्यामुळे ही अशी थरथर त्यांच्यात फारशी ऐकू येत नाही.) स्टिअरिंग गिअरबॉक्सच्या पिटमन आर्मपासून (गिअरबॉक्समधून निघालेला, हँडलबरोबर फिरणारा दांडा) पलीकडच्या चाकाकडे जाणारी लांब दांडी म्हणजे ड्रॅग लिंक. दोन चाकांना एकमेकांशी बांधणारी ती टाय रॉड. अॅक्सल डावीउजवीकडे सरकू नये म्हणून चॅसिसपासून अॅक्सलपर्यंत गेलेली ती ट्रॅक बार. आणि थरथर पिऊन टाकायला एक आडवा डॅम्पर. यातला एखादा जोड सैल झाला की एका चाकाला बसलेला धक्का सलग अॅक्सलवरून दुसऱ्या चाकाला जातो, तिथून परत येतो, आणि एका विशिष्ट वेगाला हे देणंघेणं थांबतच नाही. इकडे त्याला 'डेथ वॉबल' म्हणतात. नाव भडक आहे, पण ज्याने एकदा अनुभवलंय तो नावाला हसत नाही.

आता ड्रॅग लिंककडे बघा. तिच्यावर एक स्लीव्ह असते, एका टोकाला सुलटे आटे, दुसऱ्या टोकाला उलटे. स्लीव्ह फिरवली की दांडी लांब-आखूड होते आणि हँडल मधोमध आणता येतं. दोन्ही बाजूंना ती घट्ट धरायला चेकनट. २०१९ च्या फेब्रुवारीत फिआट क्रायस्लरने (रॅम बनवणारी कंपनी, आधीची क्रायस्लर) साडेसहा लाखांहून जास्त हेवी-ड्यूटी रॅम परत बोलावले ते याच नटांसाठी. नट ढिले पडले की आटे झिजत जातात आणि शेवटी दांडी सुटू शकते. मग तुम्ही हँडल फिरवाल, चाकं फिरणार नाहीत. कंपनीने उपाय काढला तो नट स्लीव्हला वेल्ड करण्याचा.

बऱ्याच जणांना हा उपाय जुगाड वाटला. माझं मत थोडं वेगळं आहे. दांडी सुटू नये एवढंच हवं असेल तर वेल्ड चोख काम करतो. पण वेल्डची काडी लावताना हँडल ज्या कोनात होतं, त्याच कोनात ते बसलं, कारण स्लीव्ह आता फिरत नाही. म्हणून आधी अलाइनमेंट बघून, हँडल मधोमध आणून मगच वेल्ड मारायला हवा. घाईत उलटं झालं तर गाडी सरळ जाते आणि हँडल घड्याळात एक वाजल्यासारखं तिरकं. त्यानंतर इलाज एकच, दांडी बदलणं. 'दिसायला तिरकं आहे, चालायचंच' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. नव्या गाड्यांत स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडी घसरू नये म्हणून आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा) हँडलच्या कोनावरून ठरवतो की तुम्हाला कुठे जायचंय. कोनच चुकीचा कळला तर तो नको तेव्हा मध्ये पडू शकतो.

रिकॉल निघाला पण दुरुस्ती होईना, या प्रकाराचा याहून मोठा दाखला २०१३ चा आहे. त्या वर्षी नोव्हेंबरात क्रायस्लरने सुमारे १२ लाख रॅम ट्रकांसाठी टाय रॉडचा रिकॉल काढला. बॉल स्टड (टाय रॉडच्या टोकाचा गोळा असलेला खिळा) बसवताना वाकड्या कोनात राहू शकतो आणि पुढे टाय रॉड तुटू शकते, असा दोष. म्हणजे मुळातच हा दोष बसवणाऱ्याच्या हाताचा. पण मालक डीलरकडे गेले की उत्तर मिळे, पार्ट आलेला नाही. पत्र हातात, तुटू शकणारी दांडी खाली, आणि रोज त्याच गाडीने कामाला जायचं. अशा तक्रारी साचत गेल्या. इथल्या सुरक्षा खात्याने, ज्याला सगळे 'निट्सा' म्हणतात, २ जुलै २०१५ ला वॉशिंग्टनमध्ये जाहीर सुनावणी घेतली. एका कंपनीचे २३ रिकॉल आणि १ कोटी १० लाख गाड्या एका टेबलावर. त्याच महिन्याच्या अखेरीस १० कोटी ५० लाख डॉलरचा दंड ठरला, तोवरचा सर्वांत मोठा. त्यातले ७ कोटी रोख, उरलेले अटींना बांधलेले. वर कंपनीच्या रिकॉलवर नजर ठेवायला बाहेरचा देखरेखदार बसवला, रॉडनी स्लेटर, क्लिंटनच्या काळातले वाहतूकमंत्री.

आपल्या कामाची अट मात्र वेगळीच होती. ज्या रॅम मालकांची दुरुस्ती अजून झालीच नव्हती, त्यांचा ट्रक कंपनीने परत विकत घ्यायचा: मूळ किमतीतून घसारा वजा, वर १० टक्के. ज्यांची दुरुस्ती झाली होती ते यात बसत नव्हते. 'पूर्ण' हा शब्द किती महाग पडू शकतो ते बघा. म्हणून दुरुस्तीनंतर सही करण्याआधी मी गाडी फिरवून आणतो आणि हे सगळ्यांना सांगत असतो.

फोर्डबद्दल एका वाक्यात: २०१७ ते २०१९ च्या सुपर ड्यूटींच्या थरथरीवर कंपनीने सुरक्षा-रिकॉल काढला नाही, डॅम्पर बदलून देणारा ग्राहक-कार्यक्रम काढला. डॅम्पर थरथर दाबतो. ती सुरू कुठून होते ते शोधत नाही. तुम्हालाही कुणी नुसता डॅम्पर सुचवला तर बसवून घ्या हवं तर, पण शोध थांबवू नका.

आता माझं. काही वर्षांपूर्वी सॅन अँटोनियोच्या पश्चिमेला आय-१० हायवेवर, मागे रिकामा ट्रेलर, रिकॉलचं काम होऊन तीन आठवडे झालेले. एका लहान पुलाचा सांधा आला आणि हँडल हातातून उडालंच. आरसे दिसेनात, बायकोचा चहाचा फ्लास्क पायाशी आला. ब्रेकवर पाय ठेचायची इच्छा होते, ती आवरायची. अॅक्सिलरेटर सोडायचा, हँडल घट्ट धरायचं पण त्याच्याशी कुस्ती खेळायची नाही, वेग आपोआप उतरू द्यायचा आणि ब्रेक हळू लावायचा. ३५ च्या खाली आल्यावर सगळं असं शांत झालं की जणू काही घडलंच नव्हतं. डीलरकडे तीन चकरा मारल्या. दोनदा उत्तर मिळालं, 'या ट्रकांचं असंच असतं.' तिसऱ्यांदा मी जॉब कार्डवर 'स्टिअरिंग चेक' लिहू दिलं नाही. माझं वाक्य लिहायला लावलं: कुठल्या वेगाला, कुठल्या रस्त्यावर, किती सेकंद. आणि मेकॅनिकला शेजारी बसवून त्याच पुलावर नेलं. परत येताना तो गप्प होता. लिफ्टवर घेतल्यावर सापडलं ते वेगळ्याच ठिकाणी, ट्रॅक बारच्या चॅसिसकडच्या बुशमध्ये (बोल्टभोवतीचं अस्तर). रिकॉलची दांडी अगदी ठीकठाक होती.

त्यामुळे तुम्हीही पैसे भरण्याआधी घरीच एकदा बघून घ्या. गाडी सपाट जमिनीवर, चारही चाकं टेकलेली, पार्कमध्ये, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे. जॅक लावायचा नाही. चाक उचललं की जोडांवरचा भार जातो आणि प्ले लपतो. घरातल्या कुणाला तरी ड्रायव्हरच्या जागी बसवा, इंजिन चालू करून हँडल पटापट डावी-उजवीकडे हलवायला सांगा, पाव फेऱ्याहूनही कमी. तुम्ही टॉर्च घेऊन पुढून खाली बघा, हात आणि बाही हलणाऱ्या भागांपासून लांब. एकेका जोडावर पंधरा-वीस सेकंद नजर ठेवा. बॉल जॉइंट गोल फिरला तर ठीक, खालीवर उचकला तर गेला. ट्रॅक बारच्या दोन्ही टोकांना बोल्ट स्थिर आणि बार सरकतोय असं दिसलं तर चोर सापडला. गिअरबॉक्स चॅसिसवर हलतोय का तेही बघा. मग इंजिन बंद करून स्लीव्हचे नट: पांढऱ्या पेंटने नट आणि स्लीव्हवर एक सलग रेघ ओढा, शंभर मैल चालवा, रेघ तुटली तर नट फिरलाय. आमच्या गावच्या जीपचा मिस्त्री हे खडूने करायचा.

टायरची हवाही बघा. या ट्रकांच्या टायरवर ८० पीएसआय लिहिलेलं असतं. ती त्या टायरची कमाल आहे. रिकाम्या गाडीत पुढे तेवढी भरून फिरलं तर थरथर वाढते. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर जो आकडा आहे तो धरा. आणि आधीच्या मालकाने लिफ्ट किट (गाडी उंच करणारं सामान) किंवा मोठी टायरं बसवली असतील तर ते डीलरला तुम्हीच आधी सांगा. नाहीतर तो तेवढंच कारण पुढे करून हात वर करील.

कायद्याचं थोडं. सुरक्षेचा रिकॉल फुकटच करून द्यावा लागतो, गाडी कितव्याही हाताची असो. फक्त पहिल्या विक्रीला सूचनेच्या वेळी १५ वर्षांहून जास्त झालेली नसावीत. रिकॉल निघण्याआधी तेच काम कुणी पदरच्या पैशाने केलं असेल तर भरपाई मागता येते, म्हणून आधीच्या मालकाकडून जुनी बिलं मागून घ्या. गाडी दुरुस्तीसाठी दिल्यापासून ६० दिवसांत नीट दुरुस्त झाली नाही तर कायदा तो वाजवी मुदत पाळली नाही याचा प्रथमदर्शनी पुरावा मानतो, आणि मग बदली गाडी किंवा पैसे परत, इथपर्यंत बोलता येतं. हे साठ दिवस मोजायला तारीख लागते. ती तोंडी नेलेल्या गाडीला नसते, जॉब कार्डाला असते. कंपनीच्या ग्राहक-विभागाला फोन करून मालकीबदलही नोंदवा, नाहीतर पुढचं पत्र आधीच्या मालकाकडे जाईल.

आणि निट्साच्या साइटवर तक्रार टाका, गाडीच्या चॅसिस नंबरसकट. 'स्टिअरिंग खराब' असं नको. 'अमुक रिकॉल अमुक तारखेला झाला, त्यानंतर अमुक वेगाला असं होतं' हा क्रम महत्त्वाचा. केलेली दुरुस्तीच अपुरी आहे का हे तपासायला त्या खात्याची वेगळी चौकशी असते आणि ती अशाच तक्रारींवरून उघडते. दहा मिनिटांचं काम आहे.

(भारतातून वाचणाऱ्यांसाठी: तिकडे २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात ११०-अ कलम आलं, सक्तीच्या रिकॉलचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले, आणि ते सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना लागतात. तिथला अनुभव मला नाही, कुणाला असेल तर लिहा.)

कॅम्पर मात्र आत्ता जोडू नका. मागे वजन बसलं की पुढची चाकं हलकी होतात, आणि रिकाम्या गाडीत जे थरथरणं तुम्ही सावरलंत ते सहा हजार पौंड मागे असताना सावरेल याची हमी मी देणार नाही. आधी वर सांगितलेली तपासणी करा. तुमच्या फोटोत स्लीव्हचा ड्रायव्हरकडचा नट दिसतोय आणि त्यावर वेल्ड आहे असं वाटतं. पलीकडचा नट डॅम्परच्या मागे गेलाय. तेवढा गाडीखाली जाऊन, टॉर्च लावून पुन्हा काढा आणि इथेच टाका, मग पुढचं सांगतो.