पंप बिघडला म्हणून फर्नेस बदलू नका

प्रश्न : आम्ही शिकागोजवळ नेपरव्हिलला राहतो. बेसमेंटमधल्या गॅस फर्नेसला (घर गरम करणाऱ्या यंत्राला) 11 वर्षं झाली. परवा तिच्या शेजारचा छोटा पंप बंद पडला आणि पाणी जमिनीवर आलं, फर्नेस मात्र चालू होती. कॉन्ट्रॅक्टरने तीन पर्याय दिले : नुसता पंप बदलायचे 485 डॉलर, 264 डॉलरचा वार्षिक मेंटेनन्स प्लॅन घेतला तर पंपावर 15 टक्के सूट, किंवा नवी फर्नेस 7,200 डॉलरला, 18 महिने बिनव्याजी. एरवी मी फक्त पानगळीत एकदा 129 डॉलर देऊन सर्व्हिसिंग करून घेतो. तसाच पंप दुकानात 80 डॉलरला आहे. स्वतः बदलू का? पुढच्या महिन्यात भाचीच्या लग्नाला तीन आठवडे पुण्याला जायचं आहे, घर बंद असेल.

उत्तर : पंप स्वतः बदला, पण याच आठवड्यात. फर्नेसचा विषय आत्ता काढू नका.

90 टक्क्यांहून जास्त कार्यक्षमतेच्या फर्नेसमध्ये धुरातली उष्णता इतकी काढून घेतली जाते की त्यातली वाफ थंड होऊन पाणी होते. कडाक्याच्या थंडीत दिवसाला काही गॅलन पाणी निघतं. ते वरच्या ड्रेनपर्यंत चढवायचं काम हा पंप करतो. तो फर्नेसच्या बाहेर असतो, साध्या प्लगवर चालतो आणि गॅसशी त्याचा काही संबंध नसतो. तो फर्नेसच्या खूप आधी निकामी होतो. त्यामुळे तो गेला म्हणून फर्नेस म्हातारी झाली असा अर्थ निघत नाही.

पैसे खर्च करण्याआधी प्लगमध्ये वीज येते का बघा, बेसमेंटमधलं सॉकेट ट्रिप झालेलं असू शकतं. मग प्लग काढून पंपाची टाकी उघडा. तळाला बुळबुळीत गाळ साचला की आतला फ्लोट (पाण्याबरोबर वर-खाली होऊन पंप सुरू करणारा तरंगता भाग) अडकतो आणि पंप सुरूच होत नाही. गाळ धुऊन, नळी व्हिनेगरने साफ करून टाकीत हळूहळू पाणी ओता. फ्लोट वर आल्यावर पंप सुरू झाला तर पंपावर खर्च करायची गरजच नाही.

नाही झाला तर 80 डॉलरचा पंप आणा, मात्र ओव्हरफ्लो स्विच असलेलाच. पाणी सांडत असताना तुमची फर्नेस चालू राहिली, ही मला पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. टाकी भरली की फर्नेस थांबवणं हे त्या स्विचचं काम. तो तुमच्याकडे बहुधा जोडलेलाच नाही, किंवा बिघडला आहे. पंप बसवणं म्हणजे नळ्या जोडून प्लग लावणं, ते तुम्हाला जमेल. पण स्विचच्या दोन वायरी थर्मोस्टॅटच्या (घराचं तापमान ठरवणाऱ्या यंत्राच्या) 24 व्होल्टच्या वायरिंगमध्ये जोडाव्या लागतात. आधीची जोडणी बाहेर स्वच्छ दिसत नसेल तर फर्नेसचं झाकण उघडू नका. तेवढ्यासाठी तंत्रज्ञाला बोलवा आणि त्याचे पैसे द्या. इथे काटकसर नको.

आता प्लॅन. 485 वर 15 टक्के म्हणजे सुमारे 73 डॉलर वाचतात. एरवीचे 129 धरले तरी प्लॅनचे 135 डॉलर जादा जातात. सूट वजा करूनही 62 डॉलरचा तोटा, आणि पंप स्वतः बसवला तर सवलतीचा प्रश्नच उरत नाही. वसंतात एसीचीही सर्व्हिसिंग करून घेणार असाल तरच प्लॅनचा विचार करा.

7,200 च्या ऑफरमधला 'बिनव्याजी' हा शब्द नीट तपासा. अशा बऱ्याच योजनांत डिफर्ड इंटरेस्ट असतं : 18 महिन्यांनंतर 100 डॉलर जरी बाकी राहिले तरी पहिल्या दिवसापासूनचं व्याज लागतं. महिन्याला 400 डॉलर न चुकता भरावे लागतील. गॅस फर्नेस साधारण 15 ते 20 वर्षं चालते. सर्व्हिसिंगमध्ये हीट एक्स्चेंजरला (ज्वाळेची उष्णता घरातल्या हवेला देणाऱ्या भागाला) तडा वगैरे काही निघालं नसेल, तर आजपासून महिन्याला 120 डॉलर वेगळ्या बचत खात्यात टाका. पाच वर्षांत बरोबर 7,200 होतात, वर व्याज तुम्हाला मिळतं. पंपावर वाचलेले 400 पहिला हप्ता म्हणून तिथेच टाका. 'टॅक्स क्रेडिट (आयकरातली थेट सूट) मिळेल' असं सांगून कोणी घाई करत असेल तर लक्षात ठेवा, कार्यक्षम फर्नेसवरचं अमेरिकेच्या केंद्र सरकारचं क्रेडिट 31 डिसेंबर 2025 नंतर बसवलेल्या यंत्रांना मिळत नाही.

मला खरी काळजी त्या तीन आठवड्यांची आहे. स्विच जोडला नाही आणि पंप पुन्हा अडकला तर बेसमेंटमध्ये पाणी होईल. जोडला तर फर्नेस थांबेल आणि शिकागोच्या थंडीत पाइप गोठून फुटतील, जो याहून कितीतरी मोठा खर्च आहे. म्हणून स्विच जोडाच, पण निघताना पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून नळ रिकामे करा. तापमान उतरलं की फोनवर सूचना देणारा थर्मोस्टॅट नसेल तर बसवून घ्या. किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवा आणि त्यांना एक दिवसाआड आत डोकावायला सांगा. नवा पंप तुम्ही घरी असताना किमान आठवडाभर चाललेला हवा. तेवढ्यात तो नीट चालला नाही, तर 485 डॉलर द्या आणि हळहळू नका.

जाण्यापूर्वी विमा एजंटला फोन करून दोन गोष्टी विचारा. एक, तुमचं डिडक्टिबल, म्हणजे विमा लागू होण्याआधी स्वतः भरायची रक्कम, किती. ते 2,500 डॉलर असेल तर ओल्या कार्पेटचा खर्च बहुतेक तुमच्याच खिशातून जाईल. दुसरं, घर रिकामं असताना पाइप गोठले तर भरपाईसाठी कोणत्या अटी आहेत. हीटिंग चालू ठेवायची किंवा पाणी बंद करायची अट पॉलिसीत बहुधा असतेच. व्हॉल्व्ह बंद केल्याचा आणि थर्मोस्टॅटच्या आकड्याचा फोटो तारखेसह काढून ठेवा.