पेनड्राइव्हमध्ये फोल्डरांऐवजी शॉर्टकट दिसतात. काय करावे आणि कोणता अँटिव्हायरस घ्यावा?

पुण्यातील अप्पा बळवंत चौकात प्रिंट काढून आणल्यावर हे सुरू झाले, असे आपण लिहिले आहे. अशा वेळी मूळ फाइली बहुधा केवळ लपवलेल्या असतात, म्हणून फॉरमॅटची घाई करू नये आणि त्या शॉर्टकटवर क्लिकही करू नये. विंडोज सिक्युरिटी (विंडोजसोबतच येणारा अँटिव्हायरस) अपडेट करून ऑफलाइन स्कॅन चालवावा, कारण तो विंडोज सुरू होण्यापूर्वीच तपासणी करत असल्याने दडून बसलेला व्हायरसही सापडू शकतो. मग पेनड्राइव्ह वेगळा स्कॅन करून अॅट्रिब (attrib) या, फाइलींचा लपवलेपणा काढू शकणाऱ्या विंडोजच्या कमांडने फाइली उघड कराव्यात.

क्रॅक केलेला अँटिव्हायरस म्हणजे कुंपणानेच शेत खाणे. विकतचा हवाच असेल, तर क्विक हील पुण्याचेच आहे. तरीही निवड गावाकडे पाहून नव्हे, अँटिव्हायरसच्या चाचण्या घेणाऱ्या एव्ही-टेस्ट या संस्थेचे ताजे निकाल पाहून करावी आणि नूतनीकरणाची किंमत आधीच विचारावी.