घरावरचा लिएन आणि त्याची मुदत

प्रश्न : आम्ही कॅलिफोर्नियात सॅन होजे येथे राहतो. आमच्या स्वयंपाकघराचे नूतनीकरण मार्चअखेर पूर्ण झाले आणि मुख्य कंत्राटदाराला आम्ही ठरलेली सर्व रक्कम दिली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मात्र, कंत्राटदाराने आपले पैसे थकवले म्हणून फरशा पुरवणाऱ्या दुकानाने आमच्या घरावर लिएन, म्हणजे थकबाकीपोटी मालमत्तेवरचा कायदेशीर हक्क, नोंदवला. तो वैध आहे का? आम्हाला पुन्हा पैसे भरावे लागतील का?

उत्तर : भारतात कंत्राटदाराला थकबाकीसाठी पैशाचा दावा लावावा लागतो, त्यामुळे तुम्हाला धक्का बसणे साहजिक आहे. कॅलिफोर्नियात मात्र ज्याचे श्रम किंवा माल घराला लागला त्याला लिएनचा हक्क राज्याच्या घटनेनेच दिला आहे, आणि मुख्य कंत्राटदाराचा हिशेब चुकता केला एवढ्यावरून तो संपत नाही. प्रामाणिक घरमालकावर दुहेरी भुर्दंड पडावा हे मला अन्यायाचे वाटते. पण तुमचा बचाव आता नोटिशीवर आणि तारखांवरच उभा राहील.

तुमच्याशी थेट करार नसलेल्या पुरवठादाराने माल देऊ लागल्यापासून २० दिवसांत तुम्हाला प्रिलिमिनरी नोटीस, म्हणजे आपण या कामाला माल पुरवत असल्याची प्राथमिक लेखी सूचना, द्यावी लागते. ती उशिरा दिली असेल, तर नोटिशीच्या आधीच्या २० दिवसांतील व त्यापुढील मालापुरताच लिएन टिकतो. मुळीच दिली नसेल, तर टिकत नाही. सर्टिफाइड टपालाने आलेले असे पाकीट अनेकदा न वाचताच बाजूला पडते, तेव्हा काम सुरू झाल्यापासूनचे सगळे टपाल आधी तपासा.

काम पूर्ण झाल्यापासून ९० दिवसांत लिएन नोंदवता येत असल्याने जूनमधील नोंद मुदतीत बसते. काम संपल्यावर १५ दिवसांच्या आत तुम्ही काउंटी रेकॉर्डरकडे (जिल्ह्यातील मालमत्तेच्या दस्तांची नोंद ठेवणाऱ्या कार्यालयात) ‘नोटीस ऑफ कम्प्लीशन’, म्हणजे काम पूर्ण झाल्याची सूचना, नोंदवली असती, तर त्या नोंदीपासून दुकानाला ३० आणि मुख्य कंत्राटदाराला ६० दिवसच मिळाले असते. ही साधी तरतूद घरमालकाला वेळेवर कोणी सांगत नाही, याचे वाईट वाटते.

नोंदवलेला लिएनही कायमचा नसतो. रीतसर नोंदवलेली मुदतवाढ नसेल आणि नोंदणीपासून ९० दिवसांत दुकानाने दावा दाखल केला नाही, तर लिएनची अंमलबजावणी होऊ शकत नाही. तसे झाल्यास, लिएन काढून टाकण्याची लेखी मागणी करून किमान १० दिवस थांबा आणि मग न्यायालयात अर्ज करा. त्यात जिंकणाऱ्या पक्षाला वकिलाचे वाजवी शुल्कही मिळते.