वाचकांचे प्रश्न : शाळेतले खाणे आणि संशोधनाचा कौल

प्रश्न : माझ्या मुलीच्या शाळेने कॅन्टीनमधून वेफर्स, शीतपेये आणि तळलेले पदार्थ काढून टाकले आहेत. मुले मात्र शाळा सुटताच फाटकाबाहेरच्या टपरीवर तेच पदार्थ विकत घेतात. पालक सभेत यावर दोन तट पडले आहेत. अशा बंदीचा उपयोग होतो, असे खरोखर संशोधनातून दिसते का?
(एक पालक, पुणे)

उत्तर : उपयोग होतो, मात्र किती होतो आणि कशावर होतो हे आधीच नीट समजून घेतले नाही, तर पालक सभेतले दोन्ही तट निराश होतील. या विषयावरील विखुरलेल्या अभ्यासांची एकत्रित छाननी अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठातील संशोधकांच्या पुढाकाराने २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात ९१ उपक्रम तपासले होते आणि त्यांतील बहुतेक अमेरिका व युरोपातील शाळांमधले होते. शाळेत सुट्या विकल्या जाणाऱ्या पदार्थांवर निर्बंध आले, तेथे मुलांच्या पिण्यातील गोड पेयांचे प्रमाण दिवसाला सरासरी ०.१८ पेल्याने घटले. साध्या भाषेत सांगायचे, तर पाच-सहा दिवसांत एक पेला कमी झाला. खारट-गोड चटपटीत खाण्यातही जवळपास तेवढीच घट दिसली. हा आकडा लहान वाटेल, पण तो एका मुलाचा नसून शाळेतल्या सगळ्या मुलांची सरासरी आहे, हे विसरता कामा नये.

याच छाननीतली दुसरी बाजू मला अधिक महत्त्वाची वाटते. ज्या शाळांनी जेवणालाच पोषणाचे निकष लावले, त्या शाळांतील मुलांच्या आहारात फळांचे प्रमाण दिवसाला सुमारे पाऊण भागाने वाढले आणि सोडियम सुमारे १७० मिलिग्रॅमने घटले. येथे एक भाग म्हणजे एका वेळी खाल्ले जाणारे फळ, उदाहरणार्थ एक मध्यम केळे. वाईट पदार्थ काढणे आणि चांगला पदार्थ ताटात आणणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले काम एका परिपत्रकाने होते. दुसऱ्याला पैसा, माणसे आणि रोजची देखरेख लागते, म्हणून बहुतेक शाळा पहिल्यावरच थांबतात. आपल्या शाळेने वेफर्स काढल्यावर त्या जागी काय ठेवले, हे आपल्या पत्रात आलेले नाही. पालक सभेत पहिला प्रश्न हाच विचारायला हवा.

मुलांच्या वजनावर मात्र या छाननीत उल्लेखनीय परिणाम दिसला नाही. अमेरिकेत २०१० च्या कायद्यानंतर शालेय जेवणाचे निकष कडक झाले. त्याच्या परिणामांचा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की सर्व मुलांचा एकत्रित विचार करता लठ्ठपणाच्या प्रवाहात फरक पडला नाही. परंतु गरीब कुटुंबांतील मुलांमध्ये लठ्ठपणाची जोखीम वर्षागणिक उतरत गेली आणि कायदा नसता तर ती जितकी राहिली असती, त्यापेक्षा २०१८ पर्यंत सुमारे ४७ टक्क्यांनी कमी झाली, असा संशोधकांचा अंदाज आहे. ज्याच्या दिवसभराच्या अन्नाचा मोठा वाटा शाळेतून येतो, त्याच मुलाला शाळेचे धोरण सर्वाधिक उपयोगी पडते, असा त्याचा अर्थ मी लावतो. त्यामुळे बंदीनंतर सहा महिन्यांनी वजनकाटा आणून धोरणाची परीक्षा घेणे अन्यायाचे ठरेल. मुलांनी काय खाल्ले, ते मोजावे.

आता टपरीविषयी. महाराष्ट्र शासनाने मे २०१७ मध्ये शासन निर्णय काढून शाळांच्या कॅन्टीनमध्ये वेफर्स, नूडल्स, पिझ्झा, बर्गर, शीतपेये यांसारखे पदार्थ ठेवण्यास मनाई केली आणि त्यांच्या जागी खिचडी, इडली-सांबार, उपमा, नारळपाणी असे पदार्थ सुचवले. त्यापुढे जाऊन भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी मेद, मीठ किंवा साखर जास्त असलेल्या पदार्थांची विक्री आणि जाहिरात शाळेच्या आवारात व त्याभोवतीच्या ५० मीटर परिसरातही निषिद्ध ठरवली. म्हणजे आपण वर्णन केलेली टपरी या ५० मीटरांत असेल, तर नियम आपल्या बाजूने आहे आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. तरीही तक्रारीआधी शाळेने टपरीवाल्याशी बोलावे, असे मी आग्रहाने सुचवीन. शाळा सुटण्याच्या वेळी तेथे पाच मिनिटे उभे राहून पाहा : पाच आणि दहा रुपयांच्या पाकिटांच्या लड्या नेमक्या तिसरी-चौथीतल्या मुलाच्या डोळ्यांसमोर येतील अशा उंचीवर टांगलेल्या असतात आणि भुकेल्या मुलाला दुसरे काही दिसतच नाही. त्याच जागी उकडलेल्या शेंगा, पेरूच्या फोडी, काकडी, भाजलेले हरभरे मिळाले तर त्या माणसाचा धंदाही बुडणार नाही. शेवटच्या तासापर्यंत मुलांच्या पोटात काही नसणे हेही टपरीच्या गर्दीचे कारण असते. तेव्हा मधली सुट्टी आणि शाळा सुटण्याची वेळ यांत किती तासांचे अंतर आहे, तेही पाहून घ्यावे.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. पोषण आहारात मटकीची उसळ किंवा पालेभाजी घातलेली आमटी असली की बरीच मुले भात खाऊन उठतात आणि बाकीचे ताटात टाकून देतात. मुलांना पोषणाचे महत्त्व सांगून झाले. आणखी काय करावे?
(एक शिक्षिका, सातारा जिल्हा)

उत्तर : महत्त्व सांगण्याने मुलांच्या ज्ञानात भर पडते, ताटात फरक पडण्यासाठी वेळ आणि चव यांकडे वळावे लागते.

आधी वेळ. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील शाळांमध्ये झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशोधकांनी मुलांच्या ताटात उरलेले अन्न मोजले. ज्यांना बसून जेवायला २० मिनिटांपेक्षा कमी वेळ मिळाला, त्यांनी किमान २५ मिनिटे मिळालेल्या मुलांपेक्षा मुख्य पदार्थ १३ टक्के आणि भाज्या १२ टक्के कमी खाल्ल्या. आता आपल्याकडची मधली सुट्टी डोळ्यांसमोर आणा. घंटा होते, मुले नळावर हात धुवायला रांग लावतात, मग वाढपाची दुसरी रांग, मग ओसरीवर पंगत. शेवटच्या मुलाच्या ताटात भात पडेपर्यंत पहिल्या मुलाला मैदानाची ओढ लागलेली असते. मऊ भात भराभर गिळता येतो, मटकी चावावी लागते. म्हणून आपण एक दिवस घड्याळ लावून, शेवटच्या मुलाला प्रत्यक्ष बसून जेवायला किती मिनिटे मिळतात, ते मोजावे, असे मी मनापासून सांगेन. ती मिनिटे दहा-बाराच निघाली, तर वर्गांच्या पंगती पुढे-मागे बसवणे किंवा मोठ्या मुलांकडे वाढप देणे हा कोणत्याही प्रबोधनापेक्षा परिणामकारक उपाय ठरू शकतो.

चवीच्या बाबतीत धीर धरावा लागतो. त्याच राज्यातील शाळांमध्ये झालेल्या २०१५ च्या एका प्रयोगात काही ठिकाणी भाज्या-फळांची मांडणी आकर्षक केली आणि काही ठिकाणी कसबी आचाऱ्याच्या मदतीने जेवणाची चव सुधारली. मांडणीमुळे मुले भाजी उचलू लागली, पण खाण्याचे प्रमाण वाढले नाही. चव सुधारली तेथे खाणे खरोखर वाढले. मात्र हा परिणाम स्पष्ट व्हायला सुमारे सात महिने गेले. अनोळखी भाजी मुलांना पुन्हापुन्हा, बहुधा आठ-दहा वेळा, थोडी थोडी आणि सक्ती न करता दिली तर ती स्वीकारली जाते, हेही अनेक अभ्यासांत दिसले आहे. दोन वेळा टाकली म्हणून पालेभाजी बंद करणे ही घाई होईल.

निकषांनुसार प्राथमिक वर्गातील मुलाला दररोज ५० ग्रॅम आणि उच्च प्राथमिक वर्गातील मुलाला ७५ ग्रॅम भाजी मिळायला हवी. तेवढी भाजी चवदार करण्याची अपेक्षा आपण ज्या स्वयंपाकी-मदतनीस भगिनींकडून करतो, त्या तुटपुंज्या मानधनावर चुलीशी उभ्या असतात, याची जाणीव शासनाने आणि आपण सर्वांनी ठेवायला हवी. फोडणीसाठी तेल-मसाला वेळेवर मिळाला, मटकीला मोड नीट आले आणि घरून आलेला मूठभर कढीपत्ता-कोथिंबीर त्यात पडली, तर त्याच उसळीचे ताट बऱ्याच प्रमाणात रिकामे होते. मुलांना आवडणारी चव गावातल्या मदतनीस भगिनींना माहीत असते. त्यांना विचारले मात्र जात नाही.

प्रश्न : भाज्यांना मजेदार नावे दिली किंवा फळांवर कार्टूनची चित्रे चिकटवली की मुले ती आवडीने खातात, असे वाचले होते. हे खरे आहे का?
(एक वाचक, नागपूर)

उत्तर : आपण वाचलेले बहुधा अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे तत्कालीन प्राध्यापक ब्रायन वॉन्सिंक यांच्या संशोधनावर आधारलेले असावे. सफरचंदावरील कार्टूनच्या चित्राविषयीचा त्यांचा अभ्यास २०१७ मध्ये आणि भाज्यांच्या आकर्षक नावांविषयीचा अभ्यास २०१८ मध्ये नियतकालिकांनी मागे घेतला, म्हणजे त्यांचे निष्कर्ष आता ग्राह्य धरता येत नाहीत. सफरचंदाच्या अभ्यासातील मुलांचे वयदेखील चुकीचे दिलेले होते. घरी मुलांशी खेळ म्हणून नावे जरूर द्यावीत, पण शाळेने या आधारावर खर्च करू नये.

प्रश्न : मी निवृत्त मुख्याध्यापक असून गावच्या शाळा व्यवस्थापन समितीला मदत करतो. काही जण म्हणतात की शाळेत जेवण मिळाले की आई-वडील घरी कमी वाढतात, म्हणून पोषण आहाराने काही साधत नाही. यात तथ्य आहे का? अंड्यांसाठी लोकवर्गणी काढावी का?
(एक निवृत्त मुख्याध्यापक, बीड जिल्हा)

उत्तर : या शंकेचे उत्तर भारतातल्याच अभ्यासाने दिले आहे. अर्थशास्त्रज्ञ फरझाना आफ्रिदी यांनी मध्य प्रदेशातील मुलांच्या दिवसभराच्या आहाराची माहिती घेऊन २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की शाळेतल्या जेवणातून मिळणाऱ्या पोषकद्रव्यांचा साधारण निम्म्यापासून ते संपूर्ण भाग मुलाच्या रोजच्या आहारात निव्वळ भर म्हणून पडतो. शाळेत जेवला म्हणून गरीब आई घरी ताट आवरते घेते, हा आरोप त्यामुळे टिकत नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासाने तर पुढच्या पिढीकडे पाहिले : ज्या मुलींना शालेय वयात मध्यान्ह भोजनाचा पूर्ण लाभ मिळाला होता, त्या आई झाल्यावर त्यांच्या बाळांची वयानुसार उंची अधिक भरली. शिक्षण, आरोग्यसेवा अशा इतर कारणांचाही यात वाटा असणार. तरीही हा संबंध दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

अंड्यांबाबत माझे मत स्पष्ट आहे. प्राथमिक वर्गासाठी पोषण आहाराचा निकष ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनांचा आहे, आणि एका अंड्यातून सुमारे सहा ग्रॅम प्रथिने मिळतात, म्हणजे निकषाच्या निम्मी, तीही उत्तम प्रतीची. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एकदा अंडे, आणि ते न खाणाऱ्यांसाठी केळे किंवा अन्य फळ, देण्याचा निर्णय घेतला होता. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा वेगळा निधी थांबवून लोकसहभागातून सोय करावी असे सांगण्यात आले. हा निर्णय मला चुकीचा वाटतो, कारण ज्या गावात वर्गणी जमत नाही, त्याच गावातील मुलांना अंड्याची गरज सर्वाधिक असते. आपल्या गावाला शक्य असेल तर वर्गणी अवश्य काढावी आणि कोणत्याही मुलाला न आवडणारे वा घरच्या रीतीत न बसणारे काही खावे लागू नये म्हणून केळ्याची सोय ठेवावी. मात्र वर्गणी जमली तरी समितीच्या ठरावात निधी पूर्ववत करण्याची मागणी लिहून ती गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावी, अन्यथा आपल्या गावाची सोय हीच शासनाची सबब बनेल.