सूत्र लिहिताना आकडे फिरवू नका, बेरीज बघा

प्रश्न: नमस्कार सर, माझा मुलगा नववीत आहे. रासायनिक सूत्र लिहिताना तो संयुजा तिरक्या फिरवतो, म्हणजे एकाचा संयुजेचा आकडा दुसऱ्याच्या खाली लिहितो, क्लासमध्ये तसंच शिकवलंय. पण मॅग्नेशिअम ऑक्साइडचं एमजी२ओ२ लिहून आला आणि मार्क गेले. कंस कधी घालायचा ह्यातही गोंधळ आहे. आणि प्रभार सगळे पाठच करायचे का?
– एक आई, सिंहगड रोड, पुणे

उत्तर: नमस्कार ताई. तिरकस पद्धत चुकीची नाहीये, पण तो शॉर्टकट आहे आणि तोच आधी शिकवला की मुलं नुसते आकडे फिरवत बसतात, कशासाठी ते त्यांना कळतच नाही, हे मला फार खटकतं. बघायचं एवढंच की प्लस-मायनसची बेरीज शून्य आली पाहिजे, कारण संयुगावर एकूण प्रभार नसतो. मॅग्नेशिअम प्लस २, ऑक्साइड मायनस २, एकास एक घेतला की हिशोब मिटला, म्हणून एमजीओ. एवढ्याशा कणात सुद्धा असे आयन, म्हणजे प्रभार असलेले अणू, अब्जावधी असतात, सूत्र फक्त त्यांचं सगळ्यात लहान प्रमाण सांगतं, म्हणून २:२ असं लिहायचं नाही. अ‍ॅल्युमिनिअम प्लस ३, म्हणून अ‍ॅल्युमिनिअम ऑक्साइडला ३ आणि २ चा लसावि काढा, ६ येतो, म्हणजे अ‍ॅल्युमिनिअम दोन, ऑक्साइड तीन, एएल२ओ३.

कंसासाठी आपल्या पुण्याचंच उदाहरण घ्या. पीओपीचा गणपती घरच्या घरी विरघळवायला महापालिका अमोनियम बायकार्बोनेट देते ना, ती पद्धत पाषाणच्या एनसीएलची, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची. पीओपी म्हणजे मुख्यतः कॅल्शिअम सल्फेट, त्याचं बादलीत कॅल्शिअम कार्बोनेट होऊन तळाशी बसतं आणि पाण्यात अमोनियम सल्फेट राहतं, जे खत म्हणून झाडांना चालतं. आता मुलाला ह्या दोघांची सूत्रं लिहायला लावा. कॅल्शिअम प्लस २, कार्बोनेट मायनस २, सीएसीओ३, कंसाची गरजच नाही. पण अमोनियम हा अख्खा गट मिळून प्लस १ आणि सल्फेट मायनस २, म्हणजे अमोनियम दोन लागणार, म्हणून (एनएच४)२एसओ४. कंस नाही घातला तर ४ च्या शेजारी २ येऊन बेचाळीस हायड्रोजन वाचले जातील! एकापेक्षा जास्त अणूंचं मूलक, म्हणजे असा प्रभार असलेला गट, एकाहून जास्त वेळा आलं की कंस, एरवी नाही.

पाठांतर थोडं लागतंच. सोडिअम, पोटॅशिअम प्लस १, मॅग्नेशिअम, कॅल्शिअम प्लस २ हे इलेक्ट्रॉन संरूपणावरून, म्हणजे कुठल्या कक्षेत किती इलेक्ट्रॉन ते बघून, काढता येतं, ते घोकायला लावू नका. मूलकं मात्र पाठ हवीत: अमोनियम, हायड्रॉक्साइड, नायट्रेट, कार्बोनेट, सल्फेट, फॉस्फेट. लोखंड प्लस २ पण असतं आणि प्लस ३ पण, म्हणून तिथे नाव नीट वाचायचं, फेरस क्लोराइड एफईसीएल२ आणि फेरिक क्लोराइड एफईसीएल३.

हे जमलं की त्याला तुरटी द्या. पाणी सोडून बघितलं तर त्यात एक पोटॅशिअम, एक अ‍ॅल्युमिनिअम आणि बाकी सल्फेट, तर सल्फेट किती? १ आणि ३ मिळून प्लस ४, म्हणजे दोन. इथे तिरकं फिरवायला जागाच नाही, बेरीजच करावी लागते.