केमिस्ट्री नको म्हणून बायोटेक

पत्र: मॅडम, मी शिरूर तालुक्यातल्या एका गावातून पुण्याला आले आहे. बी.एस्सी. बायोटेक्नॉलॉजी, पहिलं वर्ष. दहावीपर्यंत मराठी माध्यम. नीटला मार्क कमी पडले. बायोलॉजी आवडते आणि केमिस्ट्री अजिबात जमत नाही, म्हणून हा कोर्स घेतला. पण सेल बायोलॉजीच्या पेपरात पहिलं युनिटच बॉण्ड, पाणी, पीएच, बफर असं निघालं. इंटर्नलला ३० पैकी ९ मिळाले. पेशीची आकृती मी न बघता काढते, तरी प्रश्नच कळत नाहीत. बाबा म्हणतात नीट परत दे. रूममेट म्हणते बीसीएला जा. कोर्स सोडू का? की केमिस्ट्रीचा क्लास लावू?

उत्तर:

आधी नीटचं बोलू, ते लवकर आटपतं. नीटच्या ७२० गुणांपैकी १८० रसायनशास्त्राचे असतात आणि १८० भौतिकशास्त्राचे. केमिस्ट्री टाळायची म्हणून नीट परत देणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. डॉक्टरच व्हायचंय, असं तुझ्या मनात असेल तर गोष्ट वेगळी, मग केमिस्ट्रीसकट पुन्हा तयारीला लाग. पण तुझ्या पत्रात तसं एकही वाक्य नाही, वाक्य आहे ते बाबांचं. त्यांना हे आकडे दाखव. पोरीच्या भल्यासाठीच बोलतायत ते, फक्त त्यांना वाटतंय की अडचण कॉलेजची आहे.

बीसीए चांगला कोर्स आहे. पण तो का करायचा याचं तुझ्याकडे स्वतःचं कारण नाही, रूममेटचं आहे. एवढ्यावर कोर्स बदलू नये.

आता मुद्द्याचं. तू लिहितेस, पेशीची आकृती न बघता काढते. विश्वास आहे माझा. अकरावी-बारावीत आणि नीटच्या क्लासमध्ये बायोलॉजी अशीच होते: अंगकाचं (पेशीतल्या छोट्या भागाचं) नाव, त्याचं काम, चार पर्याय, पुढचा प्रश्न. लयकारिका (लायसोसोम) म्हणजे आत्मघाती पिशवी, हे तुला शाळेपासून पाठ आहे. मग मला सांग, अशी एखाद-दुसरी पिशवी पेशीच्या आत फुटली, पाचक विकरं (एन्झाइम) बाहेर सांडली, तरी पेशी तडक मरत का नाही? आकृतीत याचं उत्तर सापडणार नाही, पीएचमध्ये, म्हणजे आम्लतेच्या मापात, सापडेल. पीएचचा आकडा जितका कमी, तितकी आम्लता जास्त. लयकारिकेच्या आतला पीएच ५ च्या आसपास असतो आणि बाहेरच्या पेशीद्रवाचा ७.२ च्या आसपास. पीएचची मोजपट्टी दहाच्या पटीत चालते, त्यामुळे हा सव्वादोनाचा फरक दिसतो किरकोळ, पण आत आम्लता आणणारे हायड्रोजन आयन बाहेरच्यापेक्षा दीडशे पटींहून जास्त असतात. तिथली विकरं त्या आंबट वातावरणातच नीट चालतात. बाहेर आली की जवळपास थंड पडतात. शिवाय आत एवढी आम्लता टिकवायची तर तिच्या पटलातले पंप सतत चालू ठेवावे लागतात, आणि त्यासाठी एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्च होतं. एवढं कळल्यावर 'आत्मघाती पिशवी' पाठ करायची गरज उरत नाही, आणि परीक्षेत प्रश्न कसाही फिरवून आला तरी लिहिता येतं. तुझे २१ गुण गेले ते इथे.

म्हणून मला वाटतं, तुला केमिस्ट्री जमत नाही हे निदानच चुकलंय. बायोलॉजी तुला पाठ येते आणि केमिस्ट्री पाठ होत नाही, एवढंच आत्तापर्यंत सिद्ध झालंय. पेशी कशी चालते हे समजून घेण्याचा प्रसंग तुझ्यावर पहिल्यांदाच आलाय.

ज्या कामासाठी हा कोर्स असतो, ते काम कसं दिसतं ते सांगते. प्रयोगशाळेत माणसाच्या किंवा प्राण्याच्या पेशी वाढवतात तेव्हा फ्लास्कमध्ये लालसर रंगाचं मीडियम, म्हणजे पेशींना पोसणारं द्रव, असतं. फ्लास्क ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवतात आणि त्या इन्क्युबेटरमध्ये ५ टक्के कार्बन डायऑक्साइड सोडलेला असतो. या पेशींना लागतो ऑक्सिजन, मग हा टाकाऊ वायू पैसे देऊन सिलिंडरमधून का आणायचा? कारण मीडियममध्ये बायकार्बोनेट असतं. बायकार्बोनेट आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड मिळून पीएच ७.४ च्या जवळ धरून ठेवतात. फ्लास्क टेबलावर उघडा राहिला की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि मीडियम जांभळट दिसायला लागतं. उलट पेशी दाटल्या, त्यांनी आम्ल सोडलं, की तेच मीडियम पिवळं पडतं. हा रंग फिनॉल रेड नावाच्या दर्शकाचा. सकाळी इन्क्युबेटरचं दार उघडणारी व्यक्ती रंग बघूनच ठरवते की आज मीडियम बदलायचं की पेशी दुसऱ्या फ्लास्कमध्ये हलवायच्या. तुझ्या रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ मध्ये राहतो, त्यातही हीच जोडी मोठं काम करते. तुझ्या पहिल्या युनिटमधला 'बफर' तो हा. ज्याला तो कळलाय त्याच्या हाती हे फ्लास्क देतात. ज्याला फक्त अंगकांची नावं येतात त्याला बाटल्या धुवायला ठेवतात. (धुणंही सोपं नाही म्हणा. साबणाचा अंश राहिला तर पेशी मरतात, कारण पेशीपटल मेदाचं असतं आणि साबण मेदच उचलतो. पुन्हा केमिस्ट्रीच.)

हे सगळं आपल्या शहरात चालतं. विद्यापीठाच्या आवारातली एनसीसीएस (पेशीविज्ञानाची राष्ट्रीय संस्था) पेशीसंवर्धनाची राष्ट्रीय सुविधा म्हणून सुरू झाली, आणि देशभरातल्या संशोधकांना आजही तिथून सेल लाइन, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या पेशी, पुरवल्या जातात. एनआयव्हीत (राष्ट्रीय विषाणू संस्थेत) विषाणूंवर काम चालतं, आणि विषाणू जिवंत पेशीखेरीज वाढतच नाहीत, म्हणजे तिथेही फ्लास्क आले. पाषाणला एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आणि आयसर (विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची संस्था), आगरकर रस्त्यावर आघारकर संस्था, हडपसरला लसनिर्मिती. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास यातल्या काही संस्था सर्वांसाठी दारं उघडतात. वर्गातल्या दोघी-तिघींना घेऊन जा. पोस्टर बघून परत येऊ नकोस, तिथे उभ्या असलेल्या पीएच.डी.च्या मुलामुलींना विचार की तुमचा दिवस कसा जातो. किती वेळ द्रावणं बनवण्यात जातो, हे ऐकून तू चकित होशील.

आणखी एक गोष्ट, कारण ती आपल्याकडच्या मुलींना कुणी सांगत नाही. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत, दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण. मुंबई विद्यापीठाची पदवी त्यांनी मुख्यतः रसायनशास्त्र घेऊन मिळवली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून त्यांना आधी प्रवेश नाकारला, मग वर्षभर पारखून घेण्याच्या अटीवर दिला. पुढे केंब्रिजला त्यांनी बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींमध्ये सायटोक्रोम सी असल्याचं दाखवलं आणि १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली. विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिलांपैकी त्या एक. हे सायटोक्रोम सी तुझ्या आकृतीतल्या तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रियात), आतल्या पटलाशी, इलेक्ट्रॉन इकडून तिकडे पोचवण्याचं काम करतं. 'ऊर्जाकेंद्र' असं लिहून आपण मोकळे होतो, पण त्या केंद्रात नेमकं काय चालतं हे शोधायला केमिस्ट्री शिकलेली बाई लागली. पेशीत काम करणाऱ्या माणसांना बायोलॉजी आणि केमिस्ट्री यांच्यामधली भिंत कधी दिसलेलीच नाही. ती बारावीच्या वेळापत्रकात असते.

अभ्यासाचं. युनिट ज्या क्रमाने छापलंय त्याच क्रमाने कर, तो क्रम बरोबर आहे: पाणी, बंध, पीएच आणि बफर, मग कर्बोदकं-मेद-प्रथिनं-न्यूक्लिक आम्लं, मग पटल, आणि अंगकं सगळ्यात शेवटी. तू अंगकांपासून सुरुवात केली असणार, कारण ती ओळखीची. पाण्यावर मात्र जास्त वेळ घालव. पेशीच्या वजनात सुमारे ७० टक्के पाणी असतं आणि मेदाचे रेणू पाण्यापासून शेपट्या लपवतात म्हणूनच दोन थरांचं पटल आपोआप तयार होतं. हे एकदा डोक्यात बसलं की पुढची निम्मी पानं हलकी होतात.

आणि रोज एक गणित कर, मोलॅरिटीचं, म्हणजे लिटरभर द्रावणात पदार्थाचे किती मोल आहेत याचं. दवाखान्यातल्या सलाईनपासून सुरुवात कर. ०.९ टक्के मीठ म्हणजे लिटरला ९ ग्रॅम. मिठाचा रेणुभार ५८.५. ९ भागिले ५८.५, म्हणजे ०.१५४ मोलर. आता विचार कर, नुसतं शुद्ध पाणी शिरेतून का देत नाहीत? तांबड्या पेशी पाणी शोषून फुगतील आणि फुटतील म्हणून. मीठ जास्त झालं तर त्या आक्रसतील. काकडीच्या कोशिंबिरीला मीठ लावल्यावर पाणी सुटतं, त्यामागे हेच कारण आहे. प्रॅक्टिकलला कांद्याच्या पापुद्र्यावर मिठाचं पाणी सोडाल तेव्हा जर्नल उतरवण्याआधी मायक्रोस्कोपला डोळा लावून ठेव आणि पटल भिंतीपासून सुटताना स्वतः बघ. गर्दी असेल तर सगळ्या गेल्यावर थांब. लॅब असिस्टंट दादांशी नीट बोललं तर ते थांबू देतात, असा माझा अनुभव आहे.

इंग्रजीचा त्रास आहे, हे तू लिहिलं नाहीस, पण मराठी माध्यमाचा उल्लेख केलास त्यावरून कळलं. उत्तर आधी मराठीत तोंडी सांग, मग इंग्रजीत लिही. पहिलं सेमिस्टर हळू जाईल. जाऊ दे.

आता नोकरीचं खरं. नुसत्या बी.एस्सी. बायोटेकवर मिळणाऱ्या नोकऱ्या कमी आहेत आणि सुरुवातीचा पगार बेताचा. औषध, लस किंवा खाद्यपदार्थांच्या कंपन्यांत क्वालिटी कंट्रोलला जागा असतात, पण तिथे मायक्रोबायोलॉजी आणि केमिस्ट्रीवाले तुझ्याशेजारी रांगेत उभे असतात. मुलाखतीत पेशीची आकृती कुणी काढायला सांगत नाही. ०.१ मोलरचा अर्धा लिटर बफर कसा बनवशील, असं विचारतात. त्यामुळे हा कोर्स घेतलास तर एम.एस्सी. धरूनच चाल. जॅम या एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेत बायोटेक्नॉलॉजीच्या पेपरात रसायन, भौतिकशास्त्र आणि गणितही असतं. गॅट-बी ही दुसरी प्रवेश परीक्षा, दुसरी वाट आहे. घरची परिस्थिती पाच वर्षं थांबण्यासारखी नसेल तर पदवीनंतर डीएमएलटी (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका) करून पॅथॉलॉजी लॅबमध्ये लवकर कमावता येतं. ते हलकं काम नाही. बाबांशी हे पैशांचं बोलणं आत्ताच कर, तिसऱ्या वर्षी नको.

निर्णय मात्र आज घेऊ नकोस. दुसऱ्या सेमिस्टरच्या शेवटपर्यंत वर सांगितलं तसं कर. मार्क वाढले की नाही हे मी दुय्यम मानीन. तोपर्यंत तुला 'असं का?' हा प्रश्न पुस्तक मिटल्यावरही पडायला लागला, तर थांब, आणि केमिस्ट्रीला घाबरणं सोड. गणित जमायला लागलं, बफर बनवता आला, तरीही लॅबमध्ये जायचा कंटाळाच येत असेल, तर खुशाल बदल कर. ते कारण खरं असेल, आणि बाबांनाही सांगता येईल.

राहिला क्लासचा प्रश्न. कॉट बेसिसवर राहतेस ना? मग क्लासचे पैसे वाचव. अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या दुकानांत एनसीईआरटीचं अकरावीचं केमिस्ट्री अर्ध्या किमतीत मिळतं. फक्त पहिला भाग घे. त्यातले रासायनिक बंध आणि समतोल हे दोनच धडे आत्ता लागतील. मागच्या मालकाने उत्तरांवर पेनने खुणा केलेली प्रत मात्र घेऊ नकोस.